राजदूत ३५०: जपानी बॅरल, देशी क्रँक आणि एकच इंजिन. मिश्र पार्ट्सची जुळवणी कशी करतात?

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन वेगवेगळ्या मॉडेलच्या फॅक्टरी पार्ट्समधून पुन्हा उभं करणं हा परदेशात जुना छंद आहे. एका वर्षाचं ब्लॉक, दुसऱ्या वर्षाचं हेड, तिसऱ्याच मॉडेलचा क्रँक. आपल्या वऱ्हाडात गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली स्पोर्ट्स कार सापडत नाही. सापडली तर राजदूत ३५० सापडते. नियम मात्र दोन्हीकडे सारखेच, आणि पैसे बुडण्याची पद्धतही सारखीच. म्हणून हा लेख त्या गाडीवर.

राजदूत ३५० म्हणजे यामाहाची आरडी ३५० बी. एस्कॉर्ट्सने परवाना घेऊन ती १९८३ पासून भारतात बनवली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, एअर-कूल्ड, सहा गिअर. दूधवाल्याची १७५ सीसीची राजदूत आणि ही राजदूत यांच्यात नावापलीकडे फारसं काही सारखं नाही. जपानी मॉडेल सुमारे ३९ बीएचपी देत होतं. आपल्याकडे मायलेजच्या धास्तीने इंजिनाला आवर घातला गेला. पहिल्या गाड्या ३०.५ बीएचपीच्या, त्यांना ‘हाय टॉर्क’ म्हणजे एचटी म्हणतात. साधारण १९८५ नंतरच्या २७ बीएचपीच्या, त्या ‘लो टॉर्क’ म्हणजे एलटी. दशक संपता संपता उत्पादन बंद पडलं.

म्हणजे आज बाजारात या एका इंजिनासाठी निदान चार जातींचे पार्ट फिरतात: मूळ जपानी आरडीचे, एचटीचे, एलटीचे, आणि नंतर कोणीतरी बनवलेले ‘लोकल’. दिल्लीचं करोल बाग असो, मुंबईचा कुर्ल्याचा भंगार बाजार असो, की अकोल्यातल्या एखाद्या जुन्या मेकॅनिकचं कपाट असो, तिथून येणारा डबा हा सगळ्यांची खिचडी असतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर चार व्हर्जनच्या फाइल्स एका फोल्डरमध्ये आहेत आणि नावं सगळ्यांची सारखी आहेत.

बसतं म्हणजे जुळतं असं नाही

या इंजिनात दोन्ही सिलिंडरचे बॅरल वेगळे, हेड वेगळे, कार्ब्युरेटर वेगळे. एका बाजूचा बॅरल चिरला तर तेवढाच बदलता येतो. सोय वाटते ना? खरा सापळा हाच आहे. डावीकडे एचटीचा बॅरल आणि उजवीकडे एलटीचा, असं इंजिन बोल्टला बोल्ट बसतं, किक मारली की चालूही होतं. पण दोन्ही बाजूंचे पोर्ट वेगवेगळ्या वेळी उघडतात. आयडलिंग कधी जुळत नाही, एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत राहतो, आणि मालक कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत बसतो. ‘काहून बाप्पा, काल तर बरी चालत होती!’ हे वाक्य अशा गाड्यांच्या भोवती फार ऐकू येतं.

खुद्द कंपन्याही मिसळ करतातच. कुर्ल्याच्या प्रीमिअरने ११८ एनई काढली तेव्हा बॉडी फियाट १२४ ची आणि इंजिन निस्सानचं ११७१ सीसीचं होतं. फरक एवढाच की कंपनीने आधी मोजमाप केलं, ड्रॉइंग बदललं, मग जोडणी केली. आपण बहुतेक वेळा उलट क्रमाने जातो.

काही जोड्या मात्र कधीच तोडायच्या नाहीत. पहिली जोडी क्रँककेसची. हे केसिंग आडवं उघडतं, वरचा आणि खालचा अर्धा भाग. दोन्ही अर्धे एकत्र आवळून बेअरिंगच्या जागा एकाच वेळी मशीन केलेल्या असतात. एका गाडीचा वरचा आणि दुसरीचा खालचा भाग लावला तर डोळ्याला दिसणार नाही एवढ्या फरकाने बेअरिंग वाकडं बसतं. मग क्रँक कितीही चांगला असो, तो फार किलोमीटर टिकत नाही. दुसरी जोडी गिअरची. एकमेकांत फिरून झिजलेले दोन गिअर जोडीनेच बदलायचे. आणि तिसरी, बॅरलची: दोन्ही एकाच जातीचे. एकच चांगला मिळाला असेल तर दुसरा मिळेपर्यंत थांबा. मी इथे तडजोड सुचवणार नाही.

बेअरिंगच्या बाबतीत उलट चित्र आहे. ते आंतरराष्ट्रीय नंबरवर चालतात. ६२०५ म्हटलं की जगात कुठेही २५ मिमी आत, ५२ मिमी बाहेर, १५ मिमी रुंद. कंपनी कुठलीही चालते, पण दोन गोष्टी बघा. नंबरनंतर सी३ लिहिलं आहे का, म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त आहे का. तापणाऱ्या क्रँकला ती लागते. आणि या इंजिनाच्या क्रँकवरच्या बेअरिंगला बाहेरच्या रिंगवर पिनेसाठी भोक असतं. तसं भोक नसलेलं साधं बेअरिंग ‘बसून जाते भाऊ’ म्हणून ठोकलं तर रिंग केसिंगमध्ये फिरू लागते आणि केसिंगच खाते.

बोअर आणि पिस्टन

मूळ बोअर ६४ मिमी, स्ट्रोक ५४ मिमी. झिजलेला बॅरल रेबोअर करून पाव-पाव मिलिमीटरने मोठे पिस्टन टाकतात: ६४.२५, ६४.५०, ६४.७५, ६५.००. बॅरल विकत घेताना विक्रेता ‘स्टँडर्ड आहे’ म्हणेल. बोअर गेज घेऊन वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, असे सहा आकडे घ्या. ६५ ला पोचलेला बॅरल म्हणजे आयुष्याच्या शेवटाला आलेला बॅरल. त्यात नवीन लायनर बसवता येतं, पण लायनरमध्ये पोर्ट नीट कापले जातील का, हा प्रश्न उरतो.

लेथवाल्याला बॅरल देताना पिस्टन सोबत द्या, आधी नाही आणि नंतर नाही. कारण असं: ॲल्युमिनियमचा ६४ मिमीचा पिस्टन २०० अंशांनी तापला तर व्यासात सुमारे पाव मिलिमीटर फुगतो. बाहेरचं बीडाचं लायनर १०० अंशांनी तापून जेमतेम ०.०७ मिमी वाढतं. हा हिशेब सांभाळायला पिस्टन वरच्या, जास्त तापणाऱ्या बाजूला निमुळता केलेला असतो आणि खाली बोटावर मोजण्याइतके मायक्रॉन मोकळे सोडतात. किती सोडायचे, हे पिस्टन कोणत्या धातूचा आणि कसा घडवला आहे यावर ठरतं. ओतीव पिस्टनला कमी, फोर्ज्ड पिस्टनला जास्त. जपानी मॅन्युअलचा आकडा हा जपानी ओतीव पिस्टनचा आकडा आहे. तोच आकडा धरून बोअर केलेल्या बॅरलमध्ये फोर्ज्ड पिस्टन घातला तर पहिल्याच लांब चढावर इंजिन जाम होतं. आकडा पिस्टनच्या खोक्यावरून घ्यायचा, बॅरलवरून नाही.

अजून एक मोह असतो. १९७६ च्या आरडी ४०० चं बोअरसुद्धा ६४ मिमीच आहे, फक्त स्ट्रोक ६२. क्रँक मिळाला तर ५० सीसी फुकट, असं वाटतं. पण स्ट्रोक ८ मिमीने वाढला म्हणजे पिस्टन वर ४ मिमी जास्त चढणार आणि खाली ४ मिमी जास्त उतरणार. बॅरलची उंची, कनेक्टिंग रॉड, पोर्टच्या जागा, सगळं त्याच्याबरोबर बदलावं लागतं. एक पार्ट बदलायला गेलात की त्याच्यावर अवलंबून असलेले सहा बदलावे लागतात.

पोर्ट मॅप: बॅरलची खरी जात ओळखायची युक्ती

विक्रेत्याच्या शब्दावर एचटी-एलटी ठरवू नका. एक जाड कागद गुंडाळून बॅरलच्या आत चिकटून बसवा, कागदाची वरची कड बॅरलच्या वरच्या पृष्ठभागाशी जुळवा, आणि पेन्सिल आडवी धरून घासा. पोर्टच्या कडा कागदावर उमटतात. कागद उलगडला की बॅरलचा नकाशा तयार. दोन्ही बॅरलचे कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेला लावा. कडा जुळल्या तर जात एक.

फरक किती महत्त्वाचा, ते मोजता येतं. समजा पिस्टन सर्वांत वर असतानाच्या जागेपासून एक्झॉस्ट पोर्टची वरची कड २८ मिमी खाली आहे. ५४ मिमी स्ट्रोक आणि ११० मिमीचा रॉड धरून गणित केलं तर पोर्ट साधारण ८५ अंशांवर उघडतो आणि एकूण १९० अंश उघडा राहतो. कड १ मिमी वर-खाली झाली की हा काळ सुमारे ४ अंशांनी बदलतो. टू-स्ट्रोकमध्ये ४ अंश म्हणजे इंजिनाचा स्वभाव बदलणं.

सायलेन्सरचाही संबंध इथेच येतो. टू-स्ट्रोकच्या एक्झॉस्टमध्ये दाबाची लाट पाइपच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ही लाट पोर्ट उघडा असतानाच परत पोचायला हवी. जपानी बॅरलवर एलटीचा सायलेन्सर लावला तर पोर्ट एका आरपीएमसाठी कापलेला आणि पाइप दुसऱ्याच आरपीएमसाठी बनलेला. म्हणून बॅरल, सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरचे जेट हा एक संच समजा.

कॉम्प्रेशन आणि पॅकिंगची गंमत

एका सिलिंडरची क्षमता १७३.७ घन सेंटिमीटर. पिस्टन सर्वांत वर आणून, प्लगच्या भोकातून मेडिकलमधल्या सिरिंजने पातळ तेल सोडा आणि किती मावलं ते मोजा. समजा १८ मावलं. पूर्ण स्ट्रोक धरून रेशो (१७३.७ + १८) ÷ १८, म्हणजे १०.७. यामाहाच्या कागदावर ६.६ दिसेल, घाबरू नका. ते एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यानंतरची जागाच मोजतात.

आता बॅरलखालचं पॅकिंग १ मिमीऐवजी अर्ध्या मिमीचं वापरलं तर वरची जागा १.६ घन सेंटिमीटरने घटते आणि रेशो ११.६ होतो. शिवाय अख्खा बॅरल अर्धा मिमी खाली बसल्याने एक्झॉस्टचा काळ सुमारे २ अंशांनी कमी होतो. दुकानात हाताने कापून दिलेल्या पॅकिंगने एवढं सगळं हलतं, आणि डाव्या-उजव्या बाजूला वेगळ्या जाडीचं पॅकिंग लागलं तर आपण परत दोन वेगवेगळ्या इंजिनांवर आलो. पिस्टन आणि हेडमधलं अंतर बघायला सोल्डरची तार प्लगच्या भोकातून कडेपर्यंत घाला, क्रँक हाताने एकदा फिरवा, चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजा. दोन्ही बाजूंना.

क्रँक

हा क्रँक प्रेसने जोडलेला असतो, नट-बोल्टने नाही. रॉड बदलायचा तर हायड्रॉलिक प्रेसवर तोडून, पुन्हा जोडून, व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने सरळ करावा लागतो. ०.०३ मिमीच्या आत आला की बरा. पितळी हातोड्याने ठोकून एवढ्या अचूकतेवर आणणारे कारागीर आहेत. पण ‘करून देतो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे डायल गेज असेलच असं नाही. काम देण्याआधी गेज बघायला मागा. चांगला माणूस रागावत नाही, उलट कौतुकाने दाखवतो.

टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, म्हणून ऑइल सील हा इथे जिवाचा पार्ट. उजवीकडे, क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल ओढलं जातं आणि गाडी पांढरा धूर सोडते. हे निदान दिसतं तरी. डावीकडे, अल्टरनेटरच्या बाजूचं सील गेलं तर नुसती हवा ओढली जाते, मिश्रण लीन होतं, पिस्टन तापतो, आणि धूर वगैरे काही न दाखवता इंजिन जाम होतं.

यावर एक स्वस्त चाचणी आहे. एक्झॉस्ट आणि इनटेकची तोंडं रबर आणि पट्ट्यांनी बंद करा, एका प्लगच्या जागी नळी बसवा, दुसऱ्या बाजूला प्लग तसाच ठेवा, आणि जुन्या बीपीच्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडून ३०० पर्यंत हवा भरा. ३०० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे ५.८ पीएसआय, नेमका एवढाच दाब हवा असतो. काटा मिनिटभरात १ पीएसआयपेक्षा, म्हणजे बीपीच्या काट्यावर ५० पेक्षा जास्त पडला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. दोन सिलिंडरच्या मधलं सील लॅबिरिंथ प्रकारचं असल्याने हवा एकीकडून दुसरीकडे जातेच, म्हणून दोन्ही बाजू एकदमच तपासायच्या. ही चाचणी न करता इंजिन फ्रेममध्ये चढवणाऱ्याला मी माझी गाडी देणार नाही.

पेट्रोल बदललंय, हवाही वेगळी आहे

मॅन्युअलमधले जेटचे नंबर शुद्ध पेट्रोलसाठी होते. आज पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेच जेट ठेवले तर इंजिन सुमारे ८ टक्के लीन चालतं. टू-स्ट्रोकमध्ये हे धोक्याच्या दिशेने जाणं आहे. मेन जेट एक-दोन पायऱ्या मोठा घेऊन सुरुवात करा. जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरच्या रबरी रिंगा बदलाच. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा.

आता वऱ्हाडाचं ऊन. अकोल्यात मे महिन्यात ४४ अंश आणि डिसेंबरच्या पहाटे १२ अंश धरले तर उन्हाळ्यातली हवा सुमारे १० टक्के विरळ असते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, त्यामुळे तीच सेटिंग उन्हाळ्यात सुमारे ५ टक्के रिच पडते. म्हणजे मे महिन्यात प्लगचा रंग छान कॉफीसारखा आला म्हणून खूश होऊन जेट आणखी बारीक केलात, तर डिसेंबरात तीच गाडी लीन चालणार. सेटिंग थंडीत करा, उन्हाळ्यात थोडी जड चालली तर चालू द्या.

ऑइलचा पंप ॲक्सिलरेटरच्या केबलशी जोडलेला असतो. कार्ब्युरेटर दुसऱ्या मॉडेलचे लावले तर केबलची लांबी बदलते आणि पंपावरची खूण जुळत नाही. बरेच जण पंप काढून सरळ पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. पंप ठेवलात तरी पहिल्या काही टाक्यांना लिटरमागे थोडं ऑइल वरून टाकायला हरकत नाही. पंप काढला असेल तर रन-इनला लिटरमागे ५० मिली आणि नंतर ४० मिली हे सुरक्षित माप.

इग्निशनचे पॉइंटही दोन, प्रत्येक सिलिंडरचा वेगळा. टायमिंग प्लगच्या भोकात डायल गेज घालून, दोन्हींचं वेगवेगळं लावायचं. कानाने लावायचं नाही.

पहिले ५०० किलोमीटर

अमरावती आणि अकोल्याच्या मधला राष्ट्रीय महामार्ग ५३ आता इतका गुळगुळीत आहे की मोह आवरत नाही. याच पट्ट्यात जून २०२२ मध्ये महामार्ग प्राधिकरणाने १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा थर सलग टाकून गिनीज विक्रम केला होता. ताज्या इंजिनासाठी असा रस्ता सगळ्यांत वाईट. थ्रॉटल एका जागी धरून लांब पळवलं की पिस्टनला थंड व्हायला वेळच मिळत नाही. त्यापेक्षा बडनेऱ्याकडची वर्दळ किंवा गावातले रस्ते बरे: वेग वाढवा, सोडा, पुन्हा वाढवा. अर्ध्याहून जास्त थ्रॉटल नको. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवू नका, कारण टू-स्ट्रोकचं ऑइल थ्रॉटलबरोबरच येतं.

दोन बोटं कायम क्लचवर. इंजिन ८० च्या वेगात जाम झालं तर मागचं चाक लॉक होतं, आणि क्लच दाबायला तुमच्याकडे क्षणभरच असतो. आणखी एक हिशेब: जपानी आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता, राजदूतला ड्रम. ३९ बीएचपीचे बॅरल बसवून ब्रेक २७ बीएचपीचेच ठेवणार असाल तर इंजिनाचं बजेट थोडं कापून ब्रेक शू, केबल आणि टायर आधी घ्या.

कागदपत्रं

इंजिन नंबर क्रँककेसवर असतो आणि तोच आरसीवर असतो. बॅरल, पिस्टन, क्रँक बदलल्याने नंबर बदलत नाही. केसिंग बदललं की बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय आणि आरसीवर नोंद झाल्याशिवाय चालत नाही. म्हणून केसिंग चिरलं असेल तर शक्यतो ॲल्युमिनियम वेल्डिंग करून मूळच वाचवा. नंबर घासून नवा पंच करून देणारे भेटतील. तो सरळ गुन्हा आहे, आणि त्या केसिंगची मूळ गाडी चोरीची निघाली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

या गाड्यांचे नंबर एमएच-२७ किंवा एमएच-३० च्या आधीच्या, जुन्या पद्धतीचे असतात. नोंदणीची मुदत १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. कित्येक गाड्यांचं ते वर्षानुवर्षं झालेलंच नसतं, म्हणून पार्ट्सवर पहिला रुपया खर्च करण्याआधी आरटीओत जाऊन दंड आणि कराचा आकडा काढून घ्या. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या, मोठा फेरफार न केलेल्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. सगळ्यांत आधीच्या, १९८३ च्या राजदूत ३५० ला तो दिवस २०३३ मध्ये येईल. तोवर कोणत्या बाजूला कोणता पार्ट, कुठून आला, किती मिमीचा, हे एका वहीत किंवा शीटमध्ये लिहून ठेवा, आणि काढलेले मूळ पार्ट भंगारात देऊ नका.